कंचेभागुबेव आणि संगणक

शिरूरच्या दुकानातील कांद्याच्या 10 गोण्यांपैकी 4 दौंडला गेल्या, नंतर 3 नव्या आल्या. आता गोण्या 9. मात्र 10-4+3 हे उदाहरण आपण 'कंचेभागुबेव' शब्दशः धरून, आधी बेरीज करून सोडवले तर उत्तर 3 येते! खरे तर बेरीज-वजाबाकीचा दर्जा समान आहे. तेथे डावीकडून उजवीकडे जायचे. गुणाकार-भागाकाराचेही तसेच. 'सी' भाषेतही हाच नियम आहे. तेथे पूर्णांकांत 2*7/2 म्हणजे 7. आधी भागाकार केल्यास बाकी सुटून 6 मिळतील. घातांकांची दिशा मात्र उलटी: फोरट्रानमध्ये 2**3**2 म्हणजे 2 चा 9 वा घात, 512. हे वर्गात सांगू या. नाहीतर मुलाचे बरोबर उत्तर आपणच चूक ठरवू.