जुना फ्रिज, कपाट, साड्या दान केल्या तर करसवलत किती? ‘८०जी’ची पावती घेण्याआधी हे वाचा

दिग्रस : आई-वडिलांचे जुने घर रिकामे करायचे ठरते. मुले पुण्याला नाहीतर परदेशात. चार दिवसांच्या सुटीत लोखंडी कपाट, फ्रिज, शिलाई मशीन, पितळी भांडी आणि पेटीभर साड्यांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. भंगारवाला किलोचा भाव सांगतो आणि तो ऐकून घरच्यांचा जीव तुटतो. मग कुणीतरी सुचवते, ‘एखाद्या वसतिगृहाला देऊन टाका, ८०जीची पावती मिळेल, टॅक्सही वाचेल.’ यातला पहिला अर्धा सल्ला उत्तम आहे. दुसरा चुकीचा आहे, आणि तो महागात पडू शकतो.

कायदा काय सांगतो?

प्राप्तिकर कायदा, १९६१ च्या कलम ८०जीला पाचवे स्पष्टीकरण जोडलेले आहे. दान पैशाच्या रकमेच्या रूपात असेल तरच वजावट मिळेल, असे ते सांगते. ही तरतूद १९७६ पासूनची आहे. त्याआधी वस्तूंच्या दानावरून वाद होत असत. श्री रामवर्मा यांच्या खटल्यात शेअरच्या दानाचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९० मध्ये न्यायालयानेही वजावट फक्त पैशाच्या दानाला, असाच निकाल दिला. बाजारात रोज भाव फुटणाऱ्या शेअरची ही गत, तिथे दहा वर्षे वापरलेल्या फ्रिजची काय कथा!

म्हणजे वस्तूची किंमत दुकानदाराकडून लिहून घ्या, ऑनलाइन शोधा किंवा मूल्यांकनकर्त्याकडून काढून आणा. ८०जीच्या हिशेबात ती शून्यच धरली जाते.

१ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ लागू झाला असून त्यात ८०जीची जागा कलम १३३ ने घेतली आहे. पण ३१ मार्च २०२६ पर्यंतच्या उत्पन्नाचे विवरणपत्र जुन्या कायद्यानुसारच भरायचे आहे.

मग गोंधळ कुठे होतो?

फॉर्ममध्ये. देणग्या घेणाऱ्या संस्थेला दरवर्षी ३१ मेपर्यंत १०बीडी नावाचे विवरण प्राप्तिकर खात्याकडे भरावे लागते. त्यात देणगी कशी मिळाली हे सांगताना रोख, बँकेमार्फत यांच्यासोबत ‘वस्तुरूपात’ असाही पर्याय आहे. याच विवरणाच्या आधारे दात्याला १०बीई प्रमाणपत्र मिळते. वस्तूंची नोंद सरकारी फॉर्ममध्ये होते, म्हणजे सवलतही असणार, असे वाटणे साहजिक आहे. पण ती नोंद संस्थेच्या हिशेबासाठी आहे. त्यातून दात्याला हक्क मिळत नाही.

दुसरी फसगत विवरणपत्रात होते. ८०जीच्या तक्त्यात ‘रोख’ आणि ‘इतर मार्गाने’ असे दोन रकाने असतात. ‘इतर मार्गाने’ म्हणजे चेक, यूपीआय, बँक ट्रान्सफर. कपाट नव्हे.

अमेरिकेतल्या मुलाचे म्हणणे वेगळे का?

कारण त्याच्या देशात ते खरे आहे. अमेरिकेत कपडे, फर्निचर, भांडी दान केल्यास त्यांच्या चालू बाजारभावाइतकी वजावट मागता येते. बाजारभाव म्हणजे खरेदीची किंमत नव्हे, आज ती जुनी वस्तू जेवढ्याला विकली जाईल तेवढी. वस्तुदानाची वजावट ५०० डॉलरच्या वर गेली की ८२८३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो, आणि ५,००० डॉलरपेक्षा महाग वस्तूसाठी साधारणपणे तज्ज्ञाचे मूल्यांकन लागते. तिथेही लोक किमती फुगवत. म्हणून २००६ च्या कायद्याने कपडे आणि घरगुती वस्तू किमान चांगल्या वापरण्याजोग्या स्थितीत असाव्यात, अशी अट घातली. शिवाय ठरलेली सरसकट वजावट न घेता खर्चाचा तपशील देणाऱ्यालाच याचा लाभ होतो.

त्या मुलाने दिग्रसच्या घरातले सामान दिग्रसमधल्या संस्थेला दिले, तर अमेरिकेतही त्याला वजावट मिळत नाही. संस्था तिथल्या कायद्याने मान्य असावी लागते.

विका आणि पैसे द्या

करसवलत हवीच असेल तर मार्ग सरळ आहे. फर्निचर, कपडे, घरातली उपकरणे या स्वतःच्या वापराच्या वस्तू कायद्याच्या भाषेत भांडवली मालमत्ता नाहीत. त्या विकून आलेल्या पैशावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. दागिने, चित्रे, शिल्पे यांना मात्र ही सूट नाही. सामान विकून आलेली रक्कम ८०जी नोंदणी असलेल्या संस्थेला द्यायची. २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीला वजावट नाही, त्यामुळे भंगारवाल्याने नोटा हातात ठेवल्या तर त्या आधी बँकेत भरून मग चेक किंवा यूपीआयने द्याव्यात.

फायदा किती? समजा सामानाचे ३०,००० रुपये आले आणि ते एखाद्या नोंदणीकृत ट्रस्टला दिले. बहुतेक ट्रस्टच्या बाबतीत निम्मी, म्हणजे १५,००० रुपयांची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. २० टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्याचे सेससह ३,१२० रुपये वाचतात. तेच पैसे मुख्यमंत्री सहायता निधीला दिले तर पूर्ण रकमेची वजावट मिळते आणि ६,२४० रुपये वाचतात.

पण हे सगळे फक्त जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांसाठी. नव्या प्रणालीत ८०जी नाहीच. २०२५-२६ पासून त्या प्रणालीत पगार, पेन्शन, व्याज असे १२ लाखांपर्यंतचे नेहमीचे उत्पन्न करमुक्त झाले आहे. त्यामुळे तालुक्यातल्या अनेक पगारदार आणि पेन्शनधारकांना पावतीची खटपट करण्याचे कारणच उरलेले नाही.

फुगवलेल्या पावतीची किंमत

‘संस्था ओळखीची आहे, ५०,००० ची पावती लिहून देते,’ असे सांगणारेही भेटतात. त्या पावतीवर २५,००० रुपयांची वजावट घेतली तर २० टक्क्यांच्या टप्प्यात वाचतात ५,२०० रुपये. पकडले गेल्यास तो कर, त्यावर व्याज आणि उत्पन्नाची चुकीची माहिती दिल्याबद्दल कराच्या २०० टक्के, म्हणजे १०,४०० रुपये दंड होऊ शकतो. जुलै २०२५ मध्ये प्राप्तिकर खात्याने बनावट वजावटींविरुद्ध देशभरात दीडशे ठिकाणी कारवाई केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी विवरणपत्रे सुधारून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे खात्याने तेव्हा सांगितले होते.

दुकानदारांसाठी वेगळी गोष्ट

कापड दुकानदार दुकानातल्या न खपलेल्या साड्या वाटतो, तेव्हा प्रश्न जीएसटीचाही असतो. भेट म्हणून दिलेल्या मालावर इनपुट टॅक्स क्रेडिट घेता येत नाही, आधी घेतलेले असेल तर परत करावे लागते. दिवाळीच्या तोंडावर गावोगावी ‘माणुसकीची भिंत’ उभी राहते, तिथे गठ्ठे पाठवण्याआधी कोणता माल किती दिला याची नोंद करून ती आपल्या सीएकडे द्यावी.

घरच्या सामानासाठी एवढ्या कागदांची गरज नाही. वस्तूंची यादी, तारीख आणि संस्थेची पोच पुरे. पोचवर किंमत लिहायला सांगू नये. आणि फ्रिज नेऊन टाकण्याआधी तो चालतो का, त्यांच्याकडे तो ठेवायला जागा आहे का, एवढे फोन करून विचारावे.