सांध्यातील अस्थिभंग : स्क्रूची शस्त्रक्रिया कशासाठी?

रायपूर : अपघातात हाड मोडले की प्लास्टर घालावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु गुडघा, घोटा किंवा कोपर यांच्या सांध्यापर्यंत भेग पोहोचली असल्यास केवळ प्लास्टर बहुधा पुरेसे ठरत नाही.

सांध्यातील हाडांची टोके गुळगुळीत कूर्चेने आच्छादलेली असतात. तुकडे सरकून तेथे पायरी निर्माण झाल्यास शरीराचा भार एकाच जागी पडतो, कूर्चा झिजते आणि कालांतराने सांधा दुखरा व ताठर होतो. म्हणून तुकडे मूळ जागी बसवून ते स्क्रूने आवळले जातात.

या कामी वापरल्या जाणाऱ्या ‘लॅग स्क्रू’चे आटे फक्त पलीकडच्या तुकड्यात रुततात, अलीकडच्या तुकड्यातून तो मोकळा जातो. स्क्रू फिरविताच त्याचे डोके अलीकडचा तुकडा दाबते आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर घट्ट बसतात. तुकडा स्वतःभोवती फिरू नये, यासाठी बहुधा दोन स्क्रू बसवितात. हाड चिरडून खचले असल्यास मात्र पट्टी आणि अस्थिरोपण यांचीही गरज भासते. १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमधील शल्यविशारदांनी स्थापन केलेल्या ‘एओ’ या गटाने अचूक जुळणी, भक्कम बांधणी आणि लवकर हालचाल या तत्त्वांचा जगभर प्रसार केला.

छत्तीसगडच्या राजधानीत १९६३ मध्ये सुरू झालेले पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालय व त्याच्याशी संलग्न डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय, तसेच २०१२ मध्ये कार्यान्वित झालेले ‘एम्स’ या प्रमुख सरकारी संस्था आहेत. मात्र बस्तरमधील जगदलपूरपासून रायपूर रस्त्याने सुमारे ३०० किलोमीटर दूर आहे. अशा अंतरामुळे होणारा विलंब महागात पडू शकतो; सुमारे तीन आठवड्यांनंतर तुकडे चुकीच्या जागी जुळू लागतात व शस्त्रक्रिया अवघड होते. उघडी जखम असल्यास तर तातडीने उपचार आवश्यक असतात. याउलट, सूज फार असल्यास ती ओसरेपर्यंत डॉक्टर स्वतःच काही दिवस थांबतात.

दुखापतीनंतर मालीश करू नये किंवा आवळून पट्टी बांधू नये. अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. वेदना असह्य झाल्यास, बोटे बधिर वा थंड पडल्यास रुग्णालय त्वरित गाठावे. शस्त्रक्रियेनंतर सांध्याची हालचाल लवकर सुरू केली जाते. पायावर भार मात्र हाड जुळेपर्यंत, म्हणजे बहुधा काही आठवडे, डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नये.