नजर अडवा, वारा सोडा : ट्रकच्या केबिनमधला आडोसा

मुंबई-नाशिक महामार्गावर वडप्याच्या आसपास दिवसा केव्हाही पाहा, कडेला ट्रक उभे असतातच. भिवंडीची गोदामं इथे पसरली आहेत, ठाण्याच्या माजिवड्याहून येणारा मोठा रस्ता इथवर येतो आणि नागपूरहून निघालेला 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जवळच आमणे इथे संपतो. त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा टप्पा 5 जून 2025 रोजी खुला झाला. रस्ते वेगवान झाले, पण गाडी वेळेत पोचली म्हणजे लगेच रिकामी होते असं नाही. गोदामात नंबर लागावा लागतो आणि ठाणे-मुंबईत अवजड गाड्यांच्या शिरायच्या वेळा ठरलेल्या असतात. मधले काही तास, कधी अख्खा दिवस, ड्रायव्हर आणि क्लीनर केबिनमध्येच काढतात. तिथेच झोपतात, तिथेच कपडे बदलतात, घरी फोन लावतात तोही तिथूनच.

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याच्या नवव्या कलमात सांगितलं होतं, की कामगाराला जिथे रात्री मुक्काम करावा लागतो तिथे मालकाने विश्रांतीच्या खोल्यांची सोय ठेवावी. युरोपीय संघाच्या नियमांत तर आठवड्याची 45 तासांची पूर्ण विश्रांती गाडीत घेण्यालाच मनाई आहे. आपल्याकडे मात्र लांब पल्ल्याच्या गाडीवर रात्र बहुतेकदा केबिनमधल्या बाकड्यावरच जाते. तेव्हा त्या केबिनला आडोसा नीट कसा करायचा, हे समजून घेतलेलं बरं.

अडचण केबिनच्या रचनेतच आहे. ड्रायव्हरला सगळीकडचं दिसावं म्हणून पुढे आणि दोन्ही बाजूंना काचा असतात आणि ज्या काचेतून बाहेरचं दिसतं तिच्यातूनच आतलंही दिसतं. इंग्लंडमध्ये कालव्यांवरच्या जेमतेम दोन मीटर रुंदीच्या अरुंद बोटींवर राहणाऱ्यांनाही हीच अडचण येते. काठावरच्या पायवाटेने जाणारा माणूस खिडकीपासून हातभर अंतरावर असतो. त्यांनी शोधलेला एक उपाय वडप्यालाही चालेल, तो पुढे येईलच.

कोण कुठून पाहतो?

पडदा घेण्याआधी नजर कुठून येते ते बघावं. मोठ्या ट्रकच्या दाराची काच जमिनीवर उभ्या माणसाच्या डोक्याच्याही वर सुरू होते. त्याची नजर खालून वर जाते, त्यामुळे त्याला दिसलाच तर केबिनचा छताकडचा भाग दिसतो, आडवा झोपलेला माणूस दिसत नाही. खरी नजर येते ती शेजारी उभ्या असलेल्या ट्रकमधून, कारण तिथला ड्रायव्हर आपल्याच उंचीवर बसलेला असतो. दुसरी येते ती पुढच्या काचेतून, समोर तोंड करून उभ्या राहिलेल्या गाडीची. तिसरी येते पुलावरून, तीही वरून खाली.

यावरून दोन गोष्टी ठरतात. दाराच्या काचेवरचा पडदा अगदी वरच्या कडेपर्यंत न्यायची गरज नसते. वर तीन-चार बोटं जागा सोडली, तर शेजारच्याला तेवढ्यातून आपलं छतच दिसतं आणि आतली गरम हवा बाहेर पडायला वाट राहते. फक्त गाडी पुलाजवळ उभी असेल तेव्हा तीही फट बंद करावी. दुसरं म्हणजे शेजारच्या ट्रकच्या केबिनला आपली केबिन लावण्याऐवजी गाडी थोडी पुढेमागे घेतली, की आपल्या दारासमोर त्याचा हौदा येतो. हा आडोसा फुकटचा.

दिवसाचा पडदा, रात्रीचा पडदा

जी बाजू जास्त उजेडात असते, ती दिसते. दिवसा बाहेर लख्ख ऊन आणि केबिनमध्ये सावली असते, तेव्हा पातळ जाळीदार कापडही पुरतं. बाहेरच्याला कापडावर पडलेला उजेड दिसतो, मागचा माणूस दिसत नाही. आतल्याला मात्र रस्ता दिसत राहतो, डिझेल चोरायला कोणी टाकीजवळ रेंगाळलं तर तेही कळतं. दिवेलागणीनंतर सगळं उलटतं. आत दिवा लागला, मोबाइल जरी चालू असला, तरी त्याच कापडावर आतल्या माणसाची सावली उमटते.

म्हणून रात्रीसाठी दाट विणीचं कापड हवं. भिवंडीत यंत्रमागांमुळे कापडाची वाण नाही, पण मीटरच्या भावापेक्षा वीण बघावी. ताणा आणि बाणा जितका दाट, तितका उजेड कमी झिरपतो. दुकानातच एक परीक्षा करता येते. कापडामागे आपला हात धरायचा आणि हाताच्या मागून मोबाइलची बॅटरी लावायची. बोटं मोजता आली, तर ते कापड रात्री उपयोगाचं नाही. मांजरपाट एकेरी घेतला तर या परीक्षेत नापास होतो. दुहेरी केला तर बराच टिकतो. पडद्यासाठी मिळणारं ब्लॅकआऊट कापड एकेरीही चालतं, पण ते जड असतं आणि वारा अजिबात सोडत नाही.

रंगाचाही पेच आहे. गडद कापड सावली लपवतं, पण उन्हात तापतं. पांढरं कापड ऊन परतवतं, पण त्यावर सावली उमटते. यावर दोन पदर हा साधा तोडगा आहे. काचेकडचा पदर पांढरा किंवा चंदेरी, आतला गडद निळा नाहीतर तपकिरी. दोन्ही पदर फक्त वरच्या कडेला एकत्र शिवायचे, बाकी तीन बाजू मोकळ्या ठेवायच्या. मध्ये हवा राहते, धुतल्यावर कापड लवकर वाळतं, आणि दिवसा नुसती नजर अडवायची असेल तर गडद पदर उचलून बांधता येतो.

माप आणि टांगणी

पडदा फसतो तो बहुतेक कडांना. काचेच्या मापाचा पडदा शिवला तर दोन्ही बाजूंना उभी फट राहते आणि तेवढ्या फटीतून समोरून येणाऱ्या गाडीचा हेडलाइट थेट डोळ्यांवर येतो. सपाट पडदा असेल तर दोन्ही बाजूंना निदान दहा सेंटीमीटर जास्त धरावेत. तारेवर चुण्या पडणारा पडदा असेल तर काचेच्या दीडपट ते दुप्पट कापड लागतं, म्हणजे 70 सेंटीमीटरच्या काचेला 105 ते 140 सेंटीमीटर.

वर प्लास्टिकचं वेष्टण असलेली स्प्रिंगची तार आणि दोन हूक पुरतात. खालची कड मात्र मोकळी सोडू नये, वाऱ्याने फडफडते. दाराची चौकट लोखंडी पत्र्याची असते, तेव्हा खालच्या दुमडीत तीन-चार छोटी चुंबकं शिवली की कड पत्र्याला चिकटून बसते आणि सकाळी एका झटक्यात सुटते. जिथे प्लास्टिकचं अस्तर आहे तिथे वेल्क्रोची पट्टी लावावी. काच खाली करून तिच्यात टॉवेल अडकवायचा, ही नेहमीची युक्ती तात्पुरती ठीक आहे; पण मग काच वरपर्यंत बंद करावी लागते आणि आतला वारा संपतो.

इंग्लंडच्या बोटींतला उपाय तो इथे. तिथे गोल खिडकीत नेमका बसेल असा फोमचा तुकडा कापून त्याला कापड चढवतात आणि रात्री खिडकीत दाबून बसवतात. ना तार, ना हूक. ज्या केबिनला मागे किंवा कडेला लहान काचा आहेत, तिथे पॅकिंगच्या जाड फोमचा तुकडा काचेच्या मापापेक्षा किंचित मोठा कापावा आणि बाहेरच्या बाजूला चंदेरी कागद चिकटवावा. दाबून बसवला की फट राहत नाही. दिवसा तोच गादीखाली सरकवता येतो.

ऊन काचेच्या बाहेरच अडवावं

दुपारी झोपणाऱ्याला नजरेपेक्षा ऊन जास्त छळतं. काचेतून उजेड आत येतो, बाकडं, डॅशबोर्ड, कापड तापतं आणि त्यांची उष्णता तितक्या सहज काचेतून परत जात नाही. 2005 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उन्हात बंद करून ठेवलेल्या मोटारीतलं तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसने वाढलं होतं आणि त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काचा जराशा उघड्या ठेवून फारसा फरक पडला नव्हता. म्हणजे केबिन तापल्यावर पडदा ओढण्यात अर्थ नाही. गाडी लावताक्षणी ओढायला हवा.

आतला पडदा काही ऊन परतवतो, पण स्वतः तापून तीच उष्णता केबिनमध्ये सोडतो. बाहेरून टाकलेलं झाकण याहून चांगलं. पुढच्या काचेवर ताडपत्रीचा तुकडा टाकून त्याच्या दोन्ही कडा दारांत दाबाव्यात आणि दारं लावावीत. वायपर वर उचलून त्याखाली ताडपत्री अडकवली तर वाऱ्याने उडत नाही.

त्याहून स्वस्त उपाय म्हणजे गाडीचं तोंड. तोंड पूर्वेला करून गाडी लावली, की दुपारनंतर उंच कंटेनरची किंवा हौद्याची सावली केबिनवर येते. मे महिन्यात मात्र भर दुपारी वडप्याला सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्या दोन-तीन तासांत छप्पर तापतं. तेव्हा टपावर ओली गोणपाटं टाकावीत, नाहीतर सरळ झाड गाठावं.

वारा, डास आणि पाऊस

नजर आणि ऊन दोन्ही अडवून केबिन भट्टी झाली, तर उपयोग काय? वाऱ्याला यायला आणि जायला दोन वाटा लागतात. एका दाराची काच निम्मी खाली आणि समोरच्या दाराची वरून चार बोटं उघडी ठेवली, तर हवा केबिनमधून आडवी फिरते.

डासांसाठी जाळी आतून लावण्यापेक्षा दारालाच चढवावी. उशीला अभ्रा घालतात तशी जाळीची पिशवी शिवून ती उघड्या दाराच्या वरच्या भागावर घालायची आणि दार लावायचं. कापड दार आणि रबराच्या मध्ये दाबलं जातं, कड आपोआप बंद होते आणि काच पूर्ण खाली करता येते. गडद जाळी घेतली तर दिवसा नजरही अडते.

पावसाळ्यात दोन माणसांच्या श्वासाने काचा आतून ओलावतात. पडदा काचेला चिकटला की भिजतो, आणि सुती असला तर चार दिवसांत बुरशी धरतो. म्हणून तार काचेपासून चार-पाच सेंटीमीटर आत घ्यावी. त्या दिवसांत पॉलिस्टर बरं, लवकर वाळतं. पण कापड कुठलंही असो, पडद्याजवळ स्टोव्ह पेटवू नये. बंद केबिनमध्ये तर शेगडी नकोच. ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास न देता जीव घेतो.

दोघांतला आडोसा

काचांवरचे पडदे बाहेरच्यांसाठी झाले. सीटच्या मागे, बर्थच्या पुढे छताला एक पडदा टांगला की केबिनचे दोन भाग होतात. एक जण गाडी चालवत असताना मागे झोपलेल्याला समोरचे दिवे टोचत नाहीत, कपडे बदलायला जागा मिळते, फोनवर मोकळं बोलता येतं. नंदुरबारमध्ये वाढलेल्या योगिता रघुवंशींसारख्या बायका आता लांब पल्ल्याचे ट्रक चालवतात. त्यामुळे मधल्या पडद्याला शौक म्हणून सोडून देता येत नाही. मात्र तो खालून वीतभर आखूड ठेवावा, म्हणजे मागेही हवा पोचते.

काय चालत नाही

काचेवर काळी फिल्म हा कायमचा उपाय वाटतो. पण 27 एप्रिल 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गाड्यांच्या काचांवर काळी फिल्म किंवा दुसरं काही साहित्य लावायला मनाई केली. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 100 व्या नियमानुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून निदान 70 टक्के, बाजूच्या काचांतून निदान 50 टक्के उजेड आरपार जायला हवा. तेव्हा आडोसा निघता हवा, आणि चावी फिरवण्याआधी काचांवरचं सगळं सुटलेलं हवं. बाजूचा आरसा ज्या काचेतून दिसतो तिच्यावर बांधलेल्या पडद्याचं गाठोडंही नको.

1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या, साडेतीन टनांपेक्षा जास्त एकूण वजनाच्या मालट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे. चालत्या गाडीत हा मोठाच आराम. पण गाडीतला एसी इंजिनावर चालतो, आणि नंबर लागेपर्यंत तासन्‌तास इंजिन चालू ठेवणं डिझेलला परवडत नाही. इंजिन बंद झालं, की त्या केबिनलाही पुन्हा काच, पडदा आणि वाराच उरतो.

हे सगळं एकदम करायला पैसे नसतील तर क्रम असा धरावा : आधी दोन्ही दारांना जाळीच्या पिशव्या, मग पुढच्या काचेला ताडपत्री, मग दारांचे दुपदरी पडदे, आणि शेवटी मधला पडदा. झाल्यावर एका रात्री आत दिवा लावून दोघांपैकी एकाने शेजारच्या ट्रकमध्ये चढून बघावं. जिथून दुसरा दिसेल, तिथे अजून टाके घालायचे आहेत.