जॉर्जिया: दडवून राखलेला देश

सहल कंपन्यांच्या जाहिरातींत हल्ली जॉर्जियाचं एक ठरलेलं वर्णन असतं: ‘स्वस्तातलं स्वित्झर्लंड’. चार रात्री, पाच दिवस, बर्फ, रोपवे आणि रोज रात्री भारतीय जेवण. या देशाची याहून मोठी बदनामी करणं अवघड आहे. कॉकेशस पर्वताच्या दक्षिण उतारावरचा हा देश सुमारे ६९,७०० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहूनही लहान. लोकसंख्या चाळीस लाखांहून कमी. पण त्याची स्वतःची ३३ अक्षरांची लिपी आहे, आसपासच्या कुठल्याही मोठ्या भाषाकुळाशी नातं न सांगणारी भाषा आहे आणि चौथ्या शतकापासून चालत आलेला ख्रिस्ती धर्म आहे. अरब, मंगोल, तैमूर, उस्मानी तुर्क, इराणचे शहा, शेवटी रशियन, सगळे इथून गेले. राजधानी त्बिलिसी कितीदा तरी लुटली गेली. १७९५ मध्ये इराणच्या आगा मोहम्मद खानानं ती जाळली, तो शेवटचा मोठा घाला. एवढ्यातून हे सगळं टिकलं ते दडवून ठेवल्यामुळे. मोलाचं काही असेल ते डोंगरात न्यायचं, मनोऱ्यात ठेवायचं, जमिनीत पुरायचं. जॉर्जिया पाहायचा तर या दडवण्याच्या जागा पाहाव्यात.

त्यातली एक जागा आपल्या गोव्यात होती. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या शहा अब्बासनं पूर्व जॉर्जियातलं काखेतीचं राज्य उद्ध्वस्त केलं. द्राक्षमळे तोडले, गावंच्या गावं उठवून इराणात नेऊन वसवली. इस्फहानजवळच्या फेरेदान भागात त्यांचे वंशज आजही जॉर्जियन बोलतात. काखेतीची राणी केतेवान शहाच्या कैदेत होती. धर्म बदलायला तिनं नकार दिला आणि १६२४ मध्ये शिराजला हालहाल करून तिला मारण्यात आलं. तिथल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गुपचूप हलवले आणि त्यांतला काही भाग १६२७ मध्ये जुन्या गोव्याला आणून सेंट ऑगस्टिन चर्चच्या मठात ठेवला. पुढे मठ ओस पडला. १८४२ मध्ये चर्चचं छत कोसळलं, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. उरला तो मनोऱ्याचा काही भाग. जुन्या पोर्तुगीज कागदपत्रांत जागेची खूण होती. तिच्या आधारानं भारतीय पुरातत्त्व खात्याला या शतकाच्या सुरुवातीला ढिगाऱ्यात हाड सापडलं. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेनं त्याचा डीएनए तपासला. त्यात मातृवंशाची जी खूण मिळाली ती भारतीय नमुन्यांत नव्हती, जॉर्जियन नमुन्यांत होती. जुलै २०२१ मध्ये परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी हा अवशेष त्बिलिसीत समारंभानं सुपूर्द केला. जॉर्जियात भारतीय माणसाशी गप्पा रंगल्या की केतेवानचं नाव निघू शकतं. गोव्याला दहादा जाऊन आलेल्या आपल्यापैकी किती जणांनी त्या मनोऱ्याखालची पाटी वाचली असेल?

त्बिलिसीसाठी दोन दिवस पुरतात. गंधकाच्या गरम पाण्याची स्नानगृहं, लाकडी सज्ज्यांची जुनी घरं आणि रुस्तावेली रस्ता. २०२४ च्या नोव्हेंबरात सरकारनं युरोपीय संघातल्या प्रवेशाची बोलणी २०२८ पर्यंत लांबणीवर टाकली, तेव्हा या रस्त्यावर रात्रीमागून रात्री निदर्शनं झाली. शहरात वैद्यकीचं शिक्षण घेणारे हजारो भारतीय विद्यार्थी आहेत. त्यामुळे डाळ-तांदळाची दुकानं सापडतात. पण तेवढ्यासाठी कुणी कॉकेशसमध्ये जाऊ नये.

उत्तरेकडे निघालेला रस्ता आजही ‘मिलिटरी हायवे’ म्हणून ओळखला जातो. एकोणिसाव्या शतकात रशियानं तो आपल्या फौजांसाठी पक्का केला. आता त्यावरून पर्यटकांच्या गाड्या जातात आणि त्यांच्या कितीतरी पट मालट्रक. रशिया आणि जॉर्जिया यांच्यातलं चालू असलेलं एकच नाकं या रस्त्याच्या टोकाला, दार्याल खिंडीत आहे. आर्मेनियाचा माल याच वाटेनं रशियाला जातो. हिवाळ्यात हिमकडे कोसळून रस्ता बंद झाला की ट्रकांची रांग किलोमीटरच्या किलोमीटर लांबते. ड्रायव्हर गाडीतच चूल मांडतात. या रस्त्यावरची सर्वांत उंच खिंड जवळपास २,४०० मीटर उंचीवर आहे. तिला वळसा म्हणून सुमारे ९ किलोमीटरचा बोगदा चिनी कंपनीनं खणला आहे.

या रस्त्यावर गुदाउरीजवळ १९८३ चं रशिया-जॉर्जिया मैत्रीचं रंगीत मोझेक स्मारक लागतं. तिथं सगळे फोटो काढतात. रशियाशी झालेल्या २००८ च्या युद्धानंतर देशाचा सुमारे २० टक्के भाग, अबखाझिया आणि दक्षिण ओसेतिया, रशियन सैन्याच्या छायेखाली आहे, हे लक्षात ठेवून ते स्मारक पाहिलं तर फोटोतलं हसू जरा कमी होतं.

पुढे स्तेपान्त्समिंदा हे गाव. जुनं नाव काझबेगी, आणि मिनीबसच्या पाटीवर अजून तेच. गावासमोर २,१७० मीटर उंचीवर गेर्गेतीचं चौदाव्या शतकातलं देऊळ आहे आणि त्याच्या पाठीशी पाच हजार मीटरहून उंच काझबेक शिखर. छायाचित्र इतकं प्रसिद्ध आहे की प्रत्यक्ष पाहताना नवल उरत नाही. नवल आहे ते जुन्या इतिहासकारांनी नोंदवलेल्या गोष्टीत. खालच्या म्त्सखेता या प्राचीन राजधानीवर संकट आलं की तिथला खजिना आणि जॉर्जियात ख्रिस्ती धर्म आणणाऱ्या संत निनोचा क्रूस या देवळात आणून ठेवत. सोव्हिएत काळाच्या अखेरीस इथपर्यंत रोपवे बांधण्यात आला. गावकऱ्यांना तो देवळाशी नकोच होता. त्यांनी पुढे तो मोडून टाकला. आता वरपर्यंत पक्का रस्ता आहे, तरी गावातून पायी चढावं. तास-दीड तासाची वाट आहे.

उतरल्यावर खिंकाली खावेत. हा पदार्थ याच डोंगरांचा. रस्त्यावरचं पासानाउरी गाव त्यासाठी नावाजलेलं आहे. मैद्याची पारी, आत कच्चं मसालेदार खिमा-सारण, वर उकडीच्या मोदकासारख्या कळ्या जमवून शेंडी बांधायची आणि उकळत्या पाण्यात सोडायचं. शिजताना आत रस्सा तयार होतो. शेंडीला धरून उलटं करायचं, एक लहान चावा घ्यायचा, आधी रस्सा ओढायचा आणि मग बाकीचं खायचं. काटा-सुरी लावली की रस्सा ताटात सांडतो आणि शेजारच्या टेबलावरचे लोक मान वळवतात. शेंडी खायची नाही, ती ताटात ठेवायची. किती खाल्ले याचा हिशेब शेवटी शेंड्यांवरून लागतो. बटाटा, चीज किंवा अळंब्यांचं सारण भरलेले शाकाहारी खिंकालीही मिळतात. बटाट्याचे उत्तम.

खरा दडवलेला जॉर्जिया मात्र पश्चिमेला, स्वानेतीत. त्बिलिसीहून झुगदिदीपर्यंत आगगाडी आणि तिथून मेस्तियाला मिनीबस. चढणीच्या सुरुवातीला एंगुरी धरण लागतं. २७१.५ मीटर उंचीचं हे कमानी धरण जगातल्या सर्वांत उंच धरणांपैकी एक आहे. त्याची भिंत जॉर्जियाच्या ताब्यात आणि वीजघर अबखाझियात. एकमेकांशी युद्ध झालेल्या या दोन बाजू गेली तीसेक वर्षं एकाच पाण्याची वीज वाटून घेत आहेत. मुत्सद्देगिरीवरच्या कित्येक व्याख्यानांपेक्षा हे धरण अधिक शिकवतं.

मेस्तिया आणि त्याच्याही वरचं उशगुली इथं दगडी मनोऱ्यांची गावं आहेत. बरेचसे मनोरे नवव्या ते तेराव्या शतकातले, २०-२५ मीटर उंच, वर निमुळते होत गेलेले. बाहेरून शत्रू यायचा, वरून हिमकडा यायचा आणि शेजारच्या घराशी पिढ्यान्‌पिढ्या खुनाचं वैर असायचं. तिन्हींसाठी एकच उपाय. मनोऱ्याला लागून घर. खालच्या मजल्यावर मध्ये चूल, भोवती माणसं आणि नक्षीदार लाकडी आडोशापलीकडे गुरं. वरच्या मजल्यावर चारा, आणि मनोऱ्यात शिरायची वाटही तिथूनच. मेस्तियात अशी काही घरं आतून पाहता येतात. त्या एका खोलीत उभं राहिल्यावर इथल्या हिवाळ्याचा अंदाज येतो. १९९६ मध्ये युनेस्कोनं वरच्या स्वानेतीला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

मेस्तियाचं संग्रहालय चुकवू नये. मैदानातल्या चर्चांमधून संकटकाळी वर पाठवलेल्या सोन्या-चांदीच्या मूर्तिचित्रांचा आणि पोथ्यांचा तिथं खजिना आहे. त्यात ८९७ मधली अदिशी गावची शुभवर्तमानांची पोथीही आहे. स्वान लोकांनी हे सगळं सांभाळलं. त्यांची स्वतःची स्वान भाषा मात्र आता युनेस्कोच्या धोक्यातल्या भाषांमध्ये मोडते. शाळा जॉर्जियन भाषेत आणि पर्यटकांशी बोलणं इंग्रजीत. १९९० च्या दशकात या खोऱ्यात वाटमारी होती आणि परका माणूस जायला धजत नसे. २०१० च्या सुमारास रस्ता सुधारला, छोटा विमानतळ झाला आणि घराघरांत पाहुणे उतरू लागले. उशगुलीतल्या पूर्वीच्या गोठ्यांत आता कॉफी मिळते. कुणाला याचं वाईट वाटतं. मला वाटत नाही. हिवाळ्यात गाव सोडून जाणारी कुटुंबं त्यामुळे थांबत असतील तर गोठ्याची कॉफी चालेल.

दिग्दर्शक मिखाईल कालातोझोव यानं १९३० मध्ये उशगुलीवर एक चित्रपट केला. त्याचा विषय होता मीठ. खोऱ्यात मीठ नव्हतं, ते खालून पाठीवर आणावं लागे. म्हणून इथं मीठ एकटं वापरत नाहीत. लसूण, धणे, निळी मेथी, सुकी मिरची आणि झेंडूच्या वाळवलेल्या पाकळ्या मिठाबरोबर कुटतात. हे स्वान मीठ उकडलेल्या बटाट्यावर, काकडीवर, दह्यावर, कशावरही घालतात. दसऱ्याला आपण ज्या फुलांचं तोरण बांधतो ती या देशात सर्रास मसाल्याच्या डब्यात असतात. बाजारात स्वान मीठ सुटं मिळतं. परतताना फ्रिजवरच्या चुंबकांऐवजी तेच आणावं. चीज घोटलेला बटाटा ‘ताश्मिजाबी’ आणि चीज घातलेली मक्याची ‘च्विश्तारी’ हे इथले घरगुती पदार्थ. मांस खाणाऱ्यांसाठी ‘कुब्दारी’ नावाची मांस भरलेली भाकरी आहे.

शाकाहारी माणसाची जॉर्जियात उपासमार होते, ही अफवा आहे. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपास कडक असतात. बुधवारी, शुक्रवारी आणि ईस्टरच्या आधीच्या लांबलचक उपासात मांस, अंडी, दूध सगळं वर्ज्य. त्यासाठीच्या जेवणाला ‘समार्ख्वो’ म्हणतात. खानावळीत एवढा एक शब्द उच्चारला की ताट समोर येतं: अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी, पालेभाज्या आणि अक्रोडाचे ‘प्खाली’, मातीच्या भांड्यातला राजमा म्हणजे ‘लोबियो’ आणि सोबत मक्याची ‘म्चादी’. या अक्रोडाच्या वाटणापुढे जगप्रसिद्ध ‘खाचापुरी’ही मला फिकी वाटते. चीज भरलेली ही भाकरी चांगलीच असते, पण रोज खाल्ली तर तिसऱ्या दिवशी जड जाते.

पूर्वेला काखेती. शहा अब्बासनं तोडलेले मळे पुन्हा उभे राहिले. इथली वाइन ‘क्वेव्री’त होते. अंड्याच्या आकाराचे मातीचे मोठे रांजण, आतून मेण लावलेले, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. त्यात रस, सालं, बिया सगळं घालून तोंड बंद करायचं ते वसंतात उघडायचं. पूर्व जॉर्जियातल्या मातीच्या भांड्यांत इसवी सनापूर्वी सुमारे ६००० वर्षांचे द्राक्षवाइनचे अंश सापडले आणि २०१७ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झालं. द्राक्षवाइनचा याहून जुना पुरावा तोवर मिळालेला नव्हता. २००६ मध्ये रशियानं या वाइनवर बंदी घातली आणि मोठं गिऱ्हाईक एका फटक्यात गेलं. मग दर्जा सुधारून इतर बाजार शोधावे लागले. बंदी २०१३ मध्ये उठली. त्याच वर्षी क्वेव्रीची पद्धत युनेस्कोच्या अमूर्त वारशात गेली.

वाइन इथं एकट्यानं पीत नाहीत. ‘सुप्रा’ नावाची पंगत असते, तिचा ‘तामादा’ नावाचा सूत्रधार असतो आणि तो एकेक विषय घेऊन बोलतो: देश, मेलेली माणसं, आई-वडील, पाहुणे. त्याचं बोलणं संपल्याशिवाय प्याला उचलायचा नाही. न पिणाऱ्यानं प्याला नुसता उंचावला तरी चालतं, मध्येच बोललेलं चालत नाही. रात्र चढते तसं तीन वेगवेगळ्या सुरांतलं एकत्र गाणं सुरू होतं. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात पाठवलेल्या सोनेरी तबकडीवर काखेतीचं असंच एक गाणं आहे, ‘चाक्रुलो’. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवीही आहे. सुप्रात बोलायची पाळी आलीच तर हा विषय घ्यावा. तामादा खूश होतो.

जायचं तर सप्टेंबरात जावं. काखेतीत द्राक्षतोडणी चालू असते आणि उशगुलीची वाट अजून उघडी असते. व्हिसाचे नियम बदलत राहतात, ते निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर पाहावेत. परतीचं तिकीट आणि राहण्याच्या जागेचे कागद हाताशी ठेवावेत. मेस्तियाला निदान तीन रात्री द्याव्यात, कारण पावसात रस्ता बंद पडतो आणि विमान ढगांच्या मर्जीवर असतं. सहल कंपनीच्या कार्यक्रमात स्वानेती नसेल तर ती सहल घेऊ नये.