स्थळ नागपूरचं, नोकरी जबलपूरची

जबलपूरच्या राइट टाऊन, नेपियर टाऊन किंवा गोल बाजारातल्या मराठी घरी हळदीकुंकवाला जा. वाण हाती पडण्याआधी प्रश्न येतो, ‘‘धाकटीचं कुठं जमतंय का?’’ धाकटी पस्तिशीची असते, बँकेत नाहीतर शाळेत नोकरीला असते आणि स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत असते.

पूर्वी हा प्रश्न इतका लांबत नसे. भोसल्यांच्या काळापासून इथे मराठी माणसं आहेत. मध्य प्रांताची राजधानी नागपूर होती तेव्हा दोन्ही शहरं एकाच राज्यात नांदत होती. स्थळं नागपूर, भंडाऱ्याकडून यायची. गोंदियाच्या छोट्या रेल्वेत बसून बालाघाट, नैनपूर करत वरपक्षाची मंडळी मुलगी बघायला येत. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, जबलपूर मध्य प्रदेशात राहिलं. नाती तुटली नाहीत, पण येणंजाणं मंदावत गेलं. ती छोटी गाडीही 2015 मध्ये रूळ रुंद करण्यासाठी थांबली. आता मोठी गाडी धावते, पण मुलगी बघायला येणारे कमी झाले.

गन कॅरेज फॅक्टरी 1904 ची, खमरियाचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला, व्हेईकल फॅक्टरी 1969 ची. मुलगा कारखान्यात चिकटला की क्वार्टर, पगार आणि पेन्शनची बेगमी झाली, मुलीचा बाप निर्धास्त! आता मुलगे पुण्या-बंगलोरला जातात. मुली मात्र इथेच शिकून इथेच नोकरीला लागतात, आणि मध्य प्रदेश सरकारची नोकरी काही पुण्याला बदलून मिळत नाही. मुलगा म्हणतो, ‘‘तू इकडे ये.’’ मुलगी म्हणते, ‘‘पक्की नोकरी सोडू?’’ मुळात मराठी घरं मोजकी. त्यातून जात, पोटजात, गोत्र, पत्रिका आणि वर मंगळ! एवढ्या चाळण्यांतून खाली काय पडणार?

देशभरच लग्नं लांबत आहेत. सरकारी आकडेवारीनुसार 15 ते 29 वयोगटातल्या अविवाहित मुलींचं प्रमाण 2011 मध्ये 13.5 टक्के होतं, 2019 मध्ये ते 19.9 वर गेलं. मुलांचंही वाढलं, पण हळदीकुंकवात त्यांची चौकशी कोण करतं?

शिवाय प्रत्येकीचं ‘राहून गेलेलं’ नसतं. दुर्गा भागवत अविवाहित राहिल्या, मध्य भारतातल्या आदिवासींच्या अभ्यासासाठी रानोमाळ हिंडल्या आणि 1975 मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या. त्यांना बिचारी म्हणण्याची कुणाची छाती झाली नसती.

खरी काळजी वेगळीच आहे. आईचं गुडघ्याचं दुखणं, बाबांची औषधं, गॅसचा नंबर हे सगळं ही मुलगी बघते. भाऊ दिवाळीला येतो आणि जाता जाता म्हणतो, ‘‘बाबांनंतर एवढं मोठं घर कशाला ठेवायचं?’’ तिच्या वाट्याचा विचार कुणी केलेला नसतो. बहुधा तिनेही नाही.

कायद्याने मात्र केला आहे, जरा उशिराने. महाराष्ट्राने 1994 मध्येच अविवाहित मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. म्हणजे नागपूरच्या चुलत बहिणीला तो मिळाला आणि जबलपूरची 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीपर्यंत थांबली. वडील त्या वेळी हयात नसले तरी हा हक्क जन्मानेच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. बाबांनी स्वतः बांधलेल्या घरात तर, मृत्युपत्र नसेल तेव्हा, 1956 पासूनच मुलीचा वाटा मुलाइतका आहे.

कारखान्यातल्या जुन्या पेन्शनरांच्या घरी आणखी एक गोष्ट ठाऊक हवी. 2007 पासून केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या पंचवीस वर्षांवरच्या अविवाहित मुलीलाही, ती आईवडिलांवर अवलंबून असेल तर, आईवडिलांमागे कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. तिचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेत असावं लागतं, म्हणजे बँकेतलीला ते मिळणार नाही. पण आजारी आईसाठी नोकरी सोडून घरी बसलेली मुलगी अनेक घरांत असते. वडील हयात असतानाच तिचं नाव पेन्शनच्या कागदांत घालून ठेवावं.

आणि घर तिलाच राहावं असं वाटत असेल तर बाबांनी मृत्युपत्र करावं. स्वकष्टाच्या घरासाठी ते पुरतं. त्याला स्टँपपेपर लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. साध्या कागदावर लिहून दोन साक्षीदारांसमोर सही केली की झालं. फक्त ज्यांना काही द्यायचं आहे, त्यांना साक्षीला घेऊ नये.