भिंतीवर चढलेला अपघात

छत्रपती संभाजीनगरात १९७०च्या दशकात सिडकोची वसाहत उभी राहू लागली. बीबी का मकबऱ्याची चारबाग किंवा हिमायतबाग हा ऐसपैस जमिनीचा थाट. सिडकोतल्या रो-हाऊसच्या वाट्याला आली ती फाटकालगतची हातभर माती. जमीन आखूड आणि भिंत लांब, म्हणजे वेली गुलाबाची सोयच.

गंमत अशी, की मोठ्या फुलांचा, सुगंधी, गुलाबी रंगाचा वेली ‘हायब्रीड टी’ जातीचा गुलाब सहसा कुणी ठरवून घडवलेला नसतो. १८६७मध्ये फ्रान्समधल्या ल्यों इथल्या गियो यांनी या जातीतला ‘ला फ्रान्स’ आणला. चंदेरी गुलाबी, वासाचा, पण झुडूपच. १८९०मध्ये पेर्ने-द्युशे यांचा ‘मादाम कॅरोलिन तेस्तू’ आला. अमेरिकेतल्या पोर्टलंडने तर रस्त्यांच्या कडेला त्याच्या रांगाच लावल्या. अशा झुडपाला कधीतरी अवचित लांबलचक फांदी फुटते. तिचे डोळे दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर भरले की वेली वाण तयार. ‘तेस्तू’चा तसा वाण १९०१मध्ये बाजारात आला.

चढण्याची खोड मात्र घराण्यातलीच. हायब्रीड टीच्या मुळाशी असलेल्या टी गुलाबांची पूर्वज मानली जाणारी रोझा जायगँटिया ही मणिपूर-म्यानमारच्या डोंगरांतली दांडगी वेल. वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉट यांना ती १८८२मध्ये मणिपुरात आढळली. पुढे भारतात डॉ. बी. पी. पाल यांनी गव्हाचं संशोधन सांभाळून गुलाबाचे वाण काढले, १९६६मध्ये ‘द रोझ इन इंडिया’ लिहिलं. पण उष्ण हवेत टिकणाऱ्या गुलाबांसाठी या रानवेलीला हाताशी धरलं ते सनदी सेवा सोडून कोडाईकनालला गेलेल्या एम. एस. विराराघवन यांनी. घरच्या वेलीची आठवण तशी उशिराच झाली!

मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा गुलाबी रंग उडतो, फूल लहान होतं. पश्चिमेची तापणारी भिंत तर नकोच. खरा बहर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर, थंडीत. आणि नेमका त्या छाटणीतच घोळ होतो. झुडपाच्या सवयीने वेल गुडघ्याएवढी कापली की बहर बुडतो, कधी वेलीचं पुन्हा झुडूप होऊन बसतं. जाणता माळी मुख्य फांद्या कापत नाही. त्या आडव्या वाकवून सुतळीने जाळीला बांधतो. शेंड्याचा जोर ओसरला की डोळ्याडोळ्यातून आखूड फुटवे निघतात आणि फुलं त्यांच्याच टोकाला येतात. कात्री लावायची ती वाळक्या काड्यांना. खुंटाचा फुटवा मात्र मुळापासून ओढून काढायचा. नाहीतर खुंटच भिंत बळकावतो आणि मालक नर्सरीवाल्याशी भांडायला जातो.