बेने इस्रायलांचा धर्मादाय: काही रूढ समजुती आणि वस्तुस्थिती

दानधर्म ज्या नगरीच्या अंगवळणी पडलेला आहे, जेथे सदावर्त, अन्नछत्र आणि पारमार्थिक न्यास हे शब्द शाळकरी मुलांनाही अपरिचित नाहीत, अशा आपल्या इंदुरातदेखील यहुदी समाजाच्या परोपकारी संस्थांविषयी बोलणे निघाले म्हणजे काही ठरीव समजुती हमखास पुढे येतात. हा समाज मूळचाच धनाढ्य आहे, त्याचे दान केवळ आपल्या ज्ञातिबांधवांपुरते असते, आणि त्याच्या संस्था परदेशी पैशावर उभ्या आहेत, हे सुशिक्षित माणसेही निःशंकपणे सांगतात. इंदुरातील पुष्कळ मराठी कुटुंबांची मुले आज अमेरिकेत स्थायिक आहेत. तेथील बहुतेक मोठ्या शहरांतून ‘ज्यूइश फॅमिली सर्व्हिस’ या नावाने चालणारी कुटुंबसाहाय्य संस्थांची कार्यालये त्यांच्या पाहण्यात येतात आणि त्याच समजुती नव्या आधाराने घट्ट होतात. वास्तविक या विषयाचा उलगडा करून घेण्यासाठी मराठी माणसाला समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. कारण मराठी हीच ज्यांची मातृभाषा, अलिबाग, पेण, रोहे हाच ज्यांचा मूळ मुलूख आणि दिवेकर, केहीमकर, राजपूरकर, पेणकर हीच ज्यांची आडनावे, असा यहुदीधर्मी बेने इस्रायल समाज कित्येक शतके आपल्यामध्ये नांदत आला आहे.

धनाढ्यपणाची समजूत प्रथम तपासली पाहिजे, कारण बाकीच्या समजुती तिच्याच आधाराने उभ्या राहतात. कोकणातील बेने इस्रायल हे पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवणारे लोक होते. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. अठराव्या शतकापासून ते मुंबईस येऊ लागले ते कंपनी सरकारच्या पलटणीत, आणि पुढे रेल्वे, टपाल, इस्पितळे व सरकारी कचेऱ्या यांतील नोकऱ्यांवर. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर, ज्याला ते लोक आपल्या बोलीत मशीदच म्हणत, ते 1796 साली बांधले सॅम्युएल इझिकेल दिवेकर या लष्करी अधिकाऱ्याने, जो टिपूच्या कैदेतून सुटून आला होता. शिपाई, कारकून, परिचारिका आणि शिक्षक यांच्या या समाजात लक्षाधीश शोधू गेल्यास हाती फार थोडे लागेल.

मग श्रीमंतीचा हा लौकिक आला कोठून? तो आला ससून घराण्यापासून. डेव्हिड ससून हे बगदादचे. तेथील अंमलदाराच्या जाचामुळे परागंदा होऊन 1832 च्या सुमारास ते मुंबईस आले. बगदादी यहुदी आणि कोकणातले बेने इस्रायल यांचा धर्म एक, पण भाषा, पेहराव, चालीरीती आणि सांपत्तिक स्थिती सर्वस्वी भिन्न. धर्मबंधुत्वानेही हे अंतर बुजले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईच्या बगदादी मंडळींनी दफनभूमीतसुद्धा आपला भाग बेने इस्रायलांपासून वेगळा करून मागितला होता. तेव्हा ससूनांच्या तिजोरीवरून कोकणातल्या तेल्याच्या घराची कल्पना करणे म्हणजे शेटजींच्या हवेलीवरून साऱ्या माळव्याची कल्पना करण्यासारखेच आहे.

ससूनांच्या द्रव्याविषयी आणखी एक गोष्ट आहे, आणि ती इंदूरच्या माणसाने तरी नजरेआड करू नये. या घराण्याच्या वैभवाचा फार मोठा भाग चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापारातून आला, आणि मुंबईच्या धक्क्यावरून जी अफू जहाजांत चढे ती माळव्याची असे. होळकर, शिंदे आणि इतर संस्थानिकांच्या मुलखांत पिकलेला तो माल इंग्रज सरकारच्या इंदूर येथील अफू एजंटाच्या काट्यावर तोलला जाई, दर पेटीमागे जकात भरून परवाना घेतला जाई, आणि मग तो मुंबईची वाट धरी. सारांश, पुण्यामुंबईत ससूनांच्या नावाने ज्या इमारती उभ्या आहेत त्यांच्या पायात आपल्या माळव्याच्या काळ्या मातीचे उत्पन्न आहे, आणि चीनमधील असंख्य व्यसनी कुटुंबांचा विनाशही आहे. दानाची थोरवी सांगताना द्रव्याचा उगम झाकून ठेवावा हे मला मान्य नाही. त्याचप्रमाणे उगम दूषित होता एवढ्यावरून त्या इस्पितळात बऱ्या झालेल्या रोग्यांचे आरोग्य खोटे ठरवावे, हेही मान्य नाही. दोन्ही गोष्टी एकाच खातेवहीत नोंदल्या गेल्या पाहिजेत.

आता दुसरी समजूत, म्हणजे हे दान आपल्याच लोकांपुरते असते ही. पुण्याचे ससून रुग्णालय 1867 साली सुरू झाले. त्याच्या खर्चाचा मोठा वाटा डेव्हिड ससून यांनी उचलला, आणि जातिधर्माचा भेद न करता रोगी घ्यावा हा त्याचा हेतूच होता. जानेवारी 1924 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आणलेल्या महात्मा गांधींच्या आंत्रपुच्छावर कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली ती याच रुग्णालयात, आणि आजही पश्चिम महाराष्ट्रातल्या गरीब रोग्याचे पाय प्रथम तिकडेच वळतात. त्याच पुण्यात नव्या पेठेत ‘डेव्हिड ससून अनाथ पंगू गृह’ आहे, ज्याला लोक ‘निवारा’ म्हणतात. तेथे आश्रय घेणारे वृद्ध अर्थातच बहुतांशी हिंदू आहेत. मुंबईतले ससून ग्रंथालय कोणत्या धर्माच्या वाचकांनी भरलेले असते हे सांगण्याची गरज नाही. अमेरिकेतील कुटुंबसाहाय्य संस्थांचीही स्थिती अशीच आहे. मूळ स्थापना यहुदी निर्वासितांसाठी झाली, परंतु आज वृद्धांची घरपोच शुश्रूषा, मानसिक समुपदेशन, शिधावाटप, नवागत निर्वासितांचे पुनर्वसन ही त्यांची कामे बहुतेक ठिकाणी सर्व धर्मांच्या लोकांसाठी चालतात, आणि मराठी कुटुंबांनीही तेथे जाण्यास संकोचू नये. हे औदार्य आधुनिक काळाने शिकवलेले आहे असेही नाही. यहुदी गरिबांबरोबर परधर्मीय गरिबांचेही पोषण करावे, हा दंडक तालमूद या त्यांच्या प्राचीन धर्मशास्त्रग्रंथातच नमूद आहे.

या परंपरेचे खरे वैशिष्ट्य दात्याच्या उदारतेत शोधावे ही तर सर्वांत खोल रुजलेली चूक. आपल्याकडे दान म्हटले की दात्याचे मोठे मन डोळ्यांपुढे येते. तेथे ते कर्तव्य मानले गेले, आणि कर्तव्य म्हटल्यावर त्याला नियम, मर्यादा आणि हिशेब आले. शेताची कापणी करताना कडेचे पीक गरिबांसाठी उभे ठेवावे, ही तोरा या त्यांच्या मूळ धर्मग्रंथातील आज्ञा. ते पीक मालकाने आपल्या हाताने वाटून द्यायचे नसून गरिबाने स्वतः कापून न्यायचे असते. प्रत्येक वसाहतीत गरिबांचा सार्वजनिक निधी असावा, तो गोळा करण्यास दोघांपेक्षा कमी माणसे पाठवू नयेत, आणि वाटण्यास तिघांपेक्षा कमी बसू नयेत, हा मिश्ना या प्राचीन नियमसंग्रहाच्या काळातला नियम. वाटणाऱ्यांना तीन माणसे लागतात, कारण कोणास किती द्यावे हा निवाडा आहे, आणि निवाड्याला न्यायासनाइतकी संख्या हवी. जो भुकेला म्हणून येईल त्याची चौकशी न करता त्याला अन्न द्यावे, वस्त्र मागणाऱ्याची मात्र चौकशी करावी, हा भेद किती सूक्ष्म माणुसकीने केलेला आहे! आणि ज्याचा स्वतःचा निर्वाह धर्मादायावर चालतो त्यानेही आपल्या मिळकतीतून काही द्यावे, हा नियम तर मला या साऱ्या शास्त्राचा कळस वाटतो. कारण त्यामुळे घेणारा हा कायमचा घेणारा राहत नाही.

बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्रज्ञ आणि वैद्य मायमोनिडीझ याने दानाच्या आठ पायऱ्या लावून दिल्या आहेत. अगदी खालची पायरी कुरकुरत देणाऱ्याची. त्यावरची, थोडे का होईना पण प्रसन्न मुखाने देणाऱ्याची. मग मागितल्यावर देणाऱ्याची, मागण्यापूर्वी देणाऱ्याची, आणि अशा चढत चढत जेथे दात्याला घेणारा ठाऊक नाही आणि घेणाऱ्याला दाता ठाऊक नाही अशा सातव्या पायरीपर्यंत. जेरुसलेमच्या मंदिरात अशीच एक मौन खोली होती. पापभीरू लोक गुप्तपणे तेथे द्रव्य ठेवीत आणि कुलीन घराण्यांतले विपन्न लोक गुप्तपणे घेऊन जात. तथापि सर्वांत वरची पायरी या गुप्तदानाची नाही. पडू पाहणाऱ्या माणसाचा हात धरून त्याला कर्ज देणे, व्यापारात भागीदार करून घेणे किंवा काम मिळवून देणे, जेणेकरून त्याला पुन्हा हात पसरावा लागणार नाही, हे दान सर्वश्रेष्ठ. न्यूयॉर्कमध्ये 1892 साली निर्वासितांना बिनव्याजी कर्ज देणारी हिब्रू संस्था निघाली ती याच विचारातून.

मुंबईच्या बेने इस्रायलांनी आपल्या तुटपुंज्या वर्गण्यांचे काय केले हे या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यांच्या कार्याची किंमत कळते. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह 1875 मध्ये मुंबईत इस्रायली मुलांची शाळा काढली. तीच पुढे देणगीदार एली कदूरी यांच्या नावाने माझगाव येथे प्रसिद्ध झाली. समाज गरीब आहे तर आधी शाळा, हा निर्णय अन्नछत्राहून दूरदृष्टीचा होता. ज्या समाजाने एका शतकात घाण्यापासून आरंभ करून वैद्यक, वकिली आणि अध्यापन या व्यवसायांत प्रतिष्ठा मिळवली आणि 1937 साली डॉ. एलिजा मोझेस राजपूरकर यांच्या रूपाने मुंबईला महापौर दिला, त्या समाजाच्या प्रगतीचे श्रेय मी प्रथम त्या शाळेला देईन. स्त्रियाही मागे नव्हत्या. 1913 साली स्थापन झालेल्या बेने इस्रायल स्त्री मंडळाने गृहिणींच्या अल्पस्वल्प बचतीतून समाजसेवेचा प्रपंच उभा केला.

जर्मनीत हिटलरशाही आली तेव्हा या व्यवस्थेची कसोटी लागली. मुंबईत 1934 साली ज्यूइश रिलीफ असोसिएशनची स्थापना झाली. जर्मनी व ऑस्ट्रियातून जीव वाचवून येणाऱ्यांना हिंदुस्थानात प्रवेश मिळावा यासाठी, हे लोक सरकारवर भार होणार नाहीत अशी हमी त्या संस्थेने घेतली, आणि त्या हमीवर सरकारने पुष्कळांना दार उघडले. हमी घेणे म्हणजे नुसते पैसे देणे नव्हे. अपरिचित माणसाच्या निर्वाहाची जबाबदारी लेखी स्वतःच्या शिरावर घेणे होय. त्या काळी युरोपातून मुंबईत आलेल्या यहुदी मंडळींत वॉल्टर कॉफमन हे संगीतकार होते, आणि पुढे इंदुरातही ज्या स्वरांनी कित्येक घरांची सकाळ उगवत असे ती आकाशवाणीची परिचयधून त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

परदेशी पैशाच्या आरोपात अंशतः तथ्य आहे, ते मान्य करून पुढे गेले पाहिजे. स्वातंत्र्योत्तर काळात बहुसंख्य बेने इस्रायल इस्रायलला निघून गेले. वीस हजारांहून अधिक असलेली देशातील यहुदी लोकसंख्या आता चार-पाच हजारांवर आली आहे. मागे राहिलेल्या वृद्धांची व्यवस्था उरलेल्या थोड्या घरांच्या वर्गणीवर होणे शक्य नव्हते, आणि 1914 साली स्थापन झालेली अमेरिकेतील ‘जॉइंट’ ही साहाय्यसंस्था मुंबईत काम करू लागली ती या गरजेमुळे. तरुणांना धंदेशिक्षण देण्यासाठी ओआरटी ही संस्था 1962 पासून मुंबईत आहे. परंतु हा ओघ एकेरी नाही. 2012 साली मुंबईत सुरू झालेल्या गॅब्रिएल प्रकल्पात परदेशांतून आलेले यहुदी तरुण झोपडवस्तीतल्या मुलांना शिकवतात आणि शाळेत येणाऱ्या मुलाला सकस आहार मिळेल अशी तजवीज करतात. ही मुले यहुदी नाहीत. 2016 साली महाराष्ट्र शासनाने या समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, तो त्याच्या संख्येकडे पाहून. त्याच्या सेवेची नोंद शासकीय दप्तरात अजून व्हायची आहे.

इंदूरच्या वाचकाला यात परके असे फारसे वाटू नये. होळकरांच्या राज्यात राज्याची दौलत निराळी आणि घराण्याची खासगी मिळकत निराळी, हा भेद 1734 पासून, म्हणजे राजपत्नी गौतमाबाईंना खासगीची स्वतंत्र जहागीर मिळाल्यापासून, पाळला गेला. अहिल्याबाईंनी काशी, गया, सोमनाथ येथे जे बांधले त्याच्या मुळाशी ही खासगीची व्यवस्था होती, राज्याच्या खजिन्यावर केलेली उधळण नव्हती. 1962 मध्ये त्या धर्मादायाचा न्यास झाला, आणि 2022 साली सर्वोच्च न्यायालयाने तो सार्वजनिक न्यास असून मध्यप्रदेशच्या 1951 च्या सार्वजनिक न्यास अधिनियमाखाली त्याची नोंदणी झाली पाहिजे असा निर्णय दिला. दोघांनी गोळा करावे आणि तिघांनी वाटावे, हा प्राचीन नियम आणि हा आधुनिक कायदा यांचा हेतू एकच आहे. जिल्हाधिकारी हाच आपल्या जिल्ह्यातील न्यासांचा पंजीयक असतो, हे पुष्कळ दात्यांना ठाऊकही नसते. तेव्हा वाचकहो, कोणत्याही समाजाच्या, कोणत्याही देवाच्या नावाने चाललेल्या संस्थेस द्रव्य देताना तिची नोंदणी, तिचे विश्वस्त आणि तिचा तपासलेला जमाखर्च अवश्य मागा. आणि आपण स्वतः एखाद्या संस्थेचे विश्वस्त असाल, तर कोणी मागण्यापूर्वीच तो लोकांपुढे ठेवा.